काचेचं पाणी

तुमच्या छपरावर बसवलेल्या पॅनलचा फोटो पाठवून तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुझ्या शेडमध्ये असलेच बनायचे का. असलेच, पण एवढे मोठे नाहीत. आमचे गावातल्या रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी आणि शेतातल्या लहान पंपांसाठी असत. आजीनं दुष्काळात बायकांना रोजगार दिला, असं तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेलं दिसतं. ते खरं आहे. त्यातली एक गोष्ट तिनं सांगितली नाही, कारण ती मी तिलाही कधी सांगितलेली नाही. आता लिहून काढते. जसं घडलं त्या क्रमानं लिहीन. मला दुसरी पद्धत येत नाही.

बीडच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि तुमच्या आजोबांच्या माघारी नांदूरघाटाकडच्या आमच्या गावी येऊन राहिले. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर चौथ्या दिवशी येई, कधी पाचव्या. गावाबाहेर एका बंद पडलेल्या सहकारी जिनिंगचं गोदाम होतं. गावातल्या पुढाऱ्याच्या पत्नीनं त्यात महिलांची औद्योगिक सहकारी संस्था काढली. ऊसतोड करणाऱ्या बायकांना गावातच काम मिळावं म्हणून सरकारी अनुदान होतं. यंत्रं आली, आणि यंत्रांबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. ते वाचणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. ही अध्यक्षीणबाई पुस्तक काखेत घेऊन माझ्या ओसरीवर आली.

"मॅडम, आमच्या ह्यांनी दोन वकिलांना दाखवलं. दोघं बी म्हणले, मशिनचं इंग्रजी येगळं असतं."

"इंग्रजी एकच असतं," मी म्हणाले. पंधरा दिवसांत मी संस्थेची सचिव झाले.

काम तुम्हाला समजावून सांगते. निळसर काळ्या रंगाचे चौकोनी सेल खोक्यातून यायचे. पापडाहून पातळ आणि पापडापेक्षा ठिसूळ. त्यांवर कथिल चढवलेल्या तांब्याच्या पट्ट्या कावियानं, म्हणजे विजेच्या तापत्या सळईनं, डाग देऊन जोडायच्या, अशी माळ तयार झाली की ती धुतलेल्या काचेवर मांडायची, वर-खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालायचा आणि सगळं मोठ्या तापत्या यंत्रात दाबायचं. बायका त्या यंत्राला तवा म्हणत. एकदा दाबलं की आत राहिलं ते कायमचं आत. केस, धूळ, घामाचा थेंब, काहीही.

बायका निवडायला मी प्रत्येकीपुढे कच्च्या पापडांची चळत ठेवली आणि एकेक पापड उचलून दुसरीकडे लावायला सांगितलं. ज्यांचे तुटले त्यांना परत पाठवलं. परत गेलेल्यांत बहुतेक ऊसतोडीच्या बायका होत्या. कोयता धरून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले, त्यांना पापड हातात आलेलाच कळत नसे. ज्यांच्यासाठी अनुदान आलं होतं त्या गेटाबाहेर राहिल्या आणि ज्यांनी कधी ऊस तोडला नव्हता त्या आत आल्या. अध्यक्षीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हणाले, परीक्षा सगळ्यांना एकच होती. त्या वेळी मला या वाक्याचा अभिमान वाटला होता.

ऊसतोडीच्या ज्या थोड्या बायका उत्तीर्ण झाल्या, त्यांतल्या एकीची ही गोष्ट आहे. तिचे हात जाड, मनगट रुंद, पण सेल उचलताना ती श्वास धरायची आणि सेल जणू आपणहून वर यायचा. सगळ्या शेडमध्ये तिच्याइतकं कमी नुकसान कुणाचं होत नसे.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम जोड्या मोजतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला कुणी ट्रकात घेत नाही. त्या वर्षी तिच्या जावेची बाळंतपणाची वेळ होती, म्हणून तिचा नवरा आणि दीर अशी जोडी लागली आणि ती लग्नानंतर पहिल्यांदा हंगामात घरी राहिली. घरी सासू आणि चौदा वर्षांची मुलगी. नवऱ्यानं जाताना तिला सांगितलं होतं की जागा कायम झाली तर पोरीला शिकू देऊ. नाही झाली तर पुढच्या दसऱ्याला सगळ्यांनीच निघायचं, आणि वाढती पोर उसाच्या फडावर न्यायची म्हणजे आधी तिचं लग्न उरकायचं. जागा कायम होत असे ती एक वर्ष विनातक्रार भरल्यावर. हा नियम माझाच. ती आदल्या चैत्रात कामाला लागली होती.

मुलगी शाळा सुटली की शेडच्या पायरीवर येऊन बसायची. तिचं अक्षर वाईट होतं, पण स्पेलिंग कधी चुकत नसे. मी जाता जाता तिची वही तपासायची. आई आतून काचेतून पाहत असायची. माझी लाल खूण वहीवर बरोबरची उमटली की पुढचा डाग जास्तच नीट बसायचा.

रोजगारानं गाव बदललं, हे खोटं नाही. पहिला पगार हातात पडला त्या आठवड्यात सासवा सुनांना सकाळचा चहा करून देऊ लागल्या. हॉटेलात पुरुष एकमेकांना टोमणे मारत. "काय बे, तुजी बायको ऊन विकती म्हणं?" "विकू दे बे, तुजी तर फुकट खाती." जनरेटर मात्र डिझेलवर चालायचा, गावात वीज असेल तर ना. आणि पाणी. काच धुवायला गाळलेलं, शुद्ध पाणी लागे. शेडसाठी वेगळा टँकर यायचा, ते पाणी यंत्रातून काढून मोठ्या कॅनमध्ये भरायचे. ज्या बायकांच्या घरी चार दिवसांचं पाणी एका पिंपात असायचं, त्या सकाळभर काचांवर पाणी ओतत. गावात त्याला काचेचं पाणी म्हणत. "काय मॅडम, काचेला लागती तहान, आमाला न्हाई का?" एका म्हाताऱ्यानं मला रस्त्यात अडवून विचारलं होतं. कॅनच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असे.

आता पुस्तकाकडे येते. त्यात हातातल्या दागिन्यांविषयी एक ओळ होती: काढून ठेवावेत किंवा झाकावेत. दिवाळीनंतर मी मराठीत नोटीस लिहून दारावर लावली: बांगड्या काढूनच आत यावे. झाकण्याचं मी गाळलं. चुकून नाही. झाकायला कापडी पट्ट्या लागतील, त्या रोज धुवाव्या लागतील, पाणी कुठून आणायचं, हे मी मनाला दिलेलं कारण. खरं कारण असं की दोन वाटा दाखवल्या की प्रत्येक बाई तिसरी काढते, आणि मला रोज सकाळी दारात वाद नको होता. शिवाय माझे स्वतःचे हात दोन वर्षांपासून मोकळे होते. त्याचा नोटिशीशी काही संबंध होता की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

बायका नोटिशीपुढे उभ्या राहिल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवलं.

"नवरा जिवंत असताना?" एकीनं विचारलं.

"आठ तास," मी म्हणाले. "घरी जाताना परत घाला."

दुसऱ्या दिवशी त्या ऊसतोडीवालीची सासू शेडच्या दारात येऊन बसली. काठी आडवी टाकून, उंबऱ्यातच.

"माजं लेकरू तिकडं ट्रकाखाली झोपतंय," ती म्हणाली. "पाचटाला जाळ लागतो, साप निघतो, ट्रॅक्टर उलटतो. अन् ही हितं रिकाम्या हातानं बसणार? मॅडम, तुमचं जे व्हायचं ते झालं. आमचं बी तसंच कावून करता?"

सगळ्या बायका खाली पाहू लागल्या. सून म्हणाली, "आत्या, घरी चला. मी काढत न्हाई." आणि माझ्याकडे वळून तिनं डोळ्यांनीच विनंती केली, की आता काही बोलू नका. मी बोलले नाही. म्हातारी उठून गेली. सून आत आली तेव्हा तिची मनगटं मोकळी होती. मला वाटलं, प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. बायकांनी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या. लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधून वरून पोलक्याची बाही ओढलेली. मला दोन महिने कळलं नाही. शाळेत मुलींच्या बाहीतल्या चिठ्ठ्या ओळखणाऱ्या मला कळलं नाही, म्हणजे मला पाहायचं नव्हतं असंही असेल.

मग पहिली मोठी मागणी आली. तव्यावरचा मिस्त्री बीडचा होता, आधी पुण्याला अशाच एका कारखान्यात राहिलेला, शांत, कामाला पक्का. एका सकाळी त्यानं नुकताच निघालेला पॅनल उजेडाकडे धरला आणि मला हाक मारली.

"मॅडम, इधर देखो जरा. हे हिरवं काय आहे?"

दोन सेलच्या मध्ये तिळाएवढा हिरवा तुकडा होता. त्याच्या टोकापासून सेलला आरपार तडा गेलेला. पॅनल टाकून द्यावा लागणार होता. एक पॅनल म्हणजे फार मोठं नुकसान नव्हतं. मिस्त्री तसं म्हणालाही. "एकच आहे मॅडम. जाऊ द्या."

मी काम थांबवलं. सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि बाह्या वर करायला लावल्या. अध्यक्षीणबाई त्या दिवशी आलेल्या होत्या. खुर्चीवर बसून पाहत होत्या, हातात सोन्याचे गोठ-पाटल्या. त्या सेलला हात लावत नसत, म्हणून नोटीस त्यांना लागू नव्हती. एकेक चिंधी सुटली. ओळीतल्या निम्म्या बायकांच्या कोपराशी बांगड्या होत्या. ताजा ओरखडा फक्त ऊसतोडीवालीच्या दंडाखाली होता, रक्त सुकलेलं.

"माजीच हाय," ती म्हणाली. "टेबलाची कड लागली. मला वाटलं तुकडे समदे सापडले."

मी सगळ्यांना सांगितलं की आत्ता, माझ्यासमोर बांगड्या काढायच्या, नाहीतर घरी जायचं. बाकीच्यांच्या हळूहळू उतरल्या. काही रडल्या, काही एकमेकींचे हात दाबून चेष्टा करू लागल्या. "थांब गं, हात हाय का मुसळ?" एक म्हातारी विधवा बाई हात बांधून उभी होती. ती म्हणाली, "माज्याकडून शिका, मला कुणी साबण बी लावला न्हवता." त्यावर दोघी-तिघी हसल्या.

ऊसतोडीवालीच्या निघेनात. कासारानं भरल्या तेव्हा हात बारीक असेल. मग वर्षानुवर्षं कोयता धरून पंजा रुंद झालेला. अंगठ्याच्या सांध्याशी येऊन बांगडी अडायची. कातडी सोलली.

"मॅडम, साबण हाय. थोडं पाणी द्या," ती म्हणाली. "घोटभर."

गेले तीन दिवस टँकर आलेला नव्हता. पिण्याचा माठ कोरडा होता. शेडमध्ये पाणी होतं ते कॅनमध्ये, आणि किल्ली माझ्याकडे.

"ते काचेचं पाणी आहे," मी म्हणाले.

"घोटभरच, मॅडम."

"एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल."

बाकीच्या सगळ्यांच्या तर उतरल्या होत्या. हे माझ्या वाक्यातलं खोटं तिथं प्रत्येकीला दिसत होतं. अध्यक्षीणबाई खुर्चीतून म्हणाल्या, "फोड गं टेबलावर. काय जीव जातोय का?"

तिनं टेबलाकडे पाहिलं. हात उचललाही. मग खाली घेतला. बाही ओढली, कावियाचं बटण बंद केलं, आपल्या जागेवरचे उरलेले सेल मोजून खोक्यात परत ठेवले, झाकण लावलं आणि बाहेर गेली. पायरीवर मुलगी वही घेऊन बसलेली होती. आईनं तिला उठवलं. मी खिडकीतून पाहिलं, मुलगी चालता चालता मागे वळून वही दाखवत होती. तपासायची राहिली होती. वर्ष भरायला दोन महिने कमी होते.

मी यादीतल्या पुढच्या बाईला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली.

हंगाम अजून उरला होता. ती नवऱ्याकडे फडावर गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता झाला, मग दीर अर्धा उरला. म्हणून पोरीलाही नेलं आणि काकाच्या जोडीला लावलं. मोळ्या डोक्यावरून ट्रकात चढवायला. वार्षिक परीक्षेला ती नव्हती. हे मला तिच्या वर्गशिक्षिकेनं एस.टी. स्टँडवर सहज सांगितलं, दुसरं काही बोलता बोलता.

ती गेल्यानंतर तीन आठवड्यांनी खरेदीदाराचा माणूस तपासणीला आला. बायकांचे मोकळे हात पाहून तो म्हणाला, "बांगड्या काढायला लावता? आमच्याकडे कापडी पट्ट्या बांधतात. पुस्तकात आहे की." त्यानं पिशवीतून लवचीक कडांच्या डझनभर पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या.

अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हाय का पुस्तकात, मॅडम?"

"आपल्या आवृत्तीत नाही," मी म्हणाले.

पुस्तक तिथंच कपाटात होतं. कुणी उघडलं नाही. उघडून काय करणार होते? मिस्त्री तव्याचं झाकण पुसत राहिला. पट्ट्या धुवायला दोन लोटे पाणी लागे.

चैत्रात फडावरचे लोक परतले. एका दुपारी ती माझ्या ओसरीवर आली. शेडमध्ये एक जागा रिकामी आहे, हे तिला कळलं होतं. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिचे हात पाचटानं फाटलेले होते. ती खाली बसली.

"आता पट्ट्या बांधतेत म्हणं, मॅडम."

"हो."

"माजी चूक तेवढीच व्हती. दुसरी न्हाई."

मी तिला सांगितलं की नियम मोडून गेलेल्या बाईचं नाव यादीच्या शेवटी जातं. तिच्यापुढे अकरा जणी होत्या. तिनं मान हलवली, जणू एवढं तिला अपेक्षितच होतं.

"वैशाखात पोरीचं धरलंय," ती म्हणाली. "मुकादमाचाच भाचा हाय. तिचा बाप म्हणतो, जागा मिळाली तर आजबी मोडतो. मी वर्षभर तोंडातून शब्द काढणार न्हाई, तुमी म्हणाल तशी ऱ्हाईन."

 मग तिनं आवाज खाली घेतला.

"पट्ट्याचं मला मिस्त्रींनी कवाच सांगितलंतं. पुण्याला बांधतेत म्हणले. पुस्तकात बी आसंल म्हणले."

"मग तू तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुमी लिहिलंतं ना," ती म्हणाली. "बायांपुढं तुमाला कावून खोटं पाडू? माज्या पोरीला तुमी शिकवत व्हता." मग ती म्हणाली, "आताबी मी कुणाला सांगत न्हाई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

तिच्या बोलण्यात सौदा नव्हता हे मला आज कळतं, असं लिहिलं तर सोयीचं होईल. मला ते तेव्हाच कळलं होतं. ती मला माफ करत होती, तेही माझ्याच ओसरीवर, मी मागितलेलं नसताना. जागा दिली असती तर ती रोज सकाळी हजेरीला माझ्यासमोर उभी राहिली असती, सगळं माहीत असून गप्प. ते मला सोसलं नसतं. चाळीस वर्षं मी मुलींना खाली पाहायला लावलं होतं. खाली पाहणं मला जमलं नसतं.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले.

 "बरं" म्हणून ती उठली. मी तिला चहा विचारला. "नको, घरी माणसं आलीत," ती म्हणाली. रिकामी जागा मी यादीतल्या पहिल्या बाईला दिली. चांगली बाई होती, हात जरा जड.

मुलीची जन्मतारीख मला माहीत होती. शाळेच्या दाखल्यावरची. लग्न थांबवायला तालुक्याला एक अर्ज, किंवा ग्रामसेवकाला एक शब्द पुरला असता. पण ग्रामसेवक आला असता तर चौकशी झाली असती, आणि चौकशीत आईला कुणीतरी विचारलं असतं की कामावरून का गेलीस. मी अर्ज लिहिला नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. कुणी विचारलं नाही.

शेडमधल्या सगळ्या बायकांना तिनं लग्नाचं आवतन दिलं, मलाही दिलं. टँकरच्या पाण्यावर झालेलं लग्न, वाढपी पाण्याचे अर्धेच पेले भरत होते. मला पुढे खुर्ची दिली. शाल दिली, नारळ दिला. माइकवर कुणीतरी सांगितलं की गावातल्या आयाबायांना पायावर उभं करणाऱ्या मॅडम आपल्यात आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवापलीकडे मुकादम पुढच्या हंगामाच्या जोड्या लिहून घेत होता. लग्न लागून घटका झाली नव्हती, त्याच्या वहीत ही जोडी आलेली होती.

मग आईनं मुलीला माझ्या पाया पडायला आणलं. मुंडावळ्यांतून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ती वाकली. शाळेत मुली परीक्षेआधी पाया पडायला रांगेत यायच्या तेव्हा मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य म्हणायचे. चाळीस वर्षांच्या सवयीनं तेच माझ्या तोंडून निघालं.

"नीट अभ्यास कर."

मागच्या बायका फिस्कन हसल्या. नवऱ्या मुलाला ऐकू गेलं नाही, त्यानं "काय म्हणल्या?" असं विचारलं, कुणीतरी त्याला सांगितलं आणि तोही हसला. आई हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी खाली पाहिलं.

"हो, मॅडम," मुलगी म्हणाली.